डोहाची पोच

१० एप्रिल २०१६
आलो एकदाचा, इंजिनियरच्या नेमणुकीवर! मांजरसुंब्याला उतरून गरम भजी हाणली, तिथून जीपने थेट धरणावर. क्वार्टर ऐसपैस, नळाला पाणी, दारात कडुनिंब. सामान लावण्याआधी मोरी फिनेलने दोनदा घासली. घाणीची मला लहानपणापासून शिसारी. आईला फोन केला, म्हटलं, तुझा सिद्धेश्वर आता अख्ख्या धरणाचा मालक आहे!
धरणात पाणी जेमतेम तळाला. वाटेकरी दोन: कालव्यावरची सहकारी पाणीसंस्था आणि खालची नदी. दर पंधरा दिवसांनी नदीत दहा तास पाणी सोडायचा आदेश आहे. खालच्या वस्तीच्या प्यायच्या विहिरी त्यावरच, आणि वस्तीजवळच्या नदीतल्या डोहातले मासेही.

१५ एप्रिल
आज नदीला पाणी सोडलं. गेट चालवतात रामहरी मामा, निवृत्तीला आलेले. इथली एक गंमत लिहून ठेवतो. दहा तास झाले म्हणून गेट बंद होत नाही. पाणी डोहात पोचलं की वस्तीवरची भिवराबाई त्याची घागर भरून दोन कोस चालत येते. मामा ती धरणात ओततात, मोठ्यांदा म्हणतात, "पोचलं," आणि मगच चाक फिरवतात. मला हसू आलं. मामा मात्र गंभीर. म्हणाले, सायब, ही डोहाची पोच हाय, खोटी दिली तर डोह सोता मागाया येतो.
घागरीला शेवाळाचा वास होता. हात तीनदा धुतले.

३० एप्रिल
सकाळीच संस्थेचे चेअरमन मोहनराव आले. बोलणं गोड, दात तंबाखूने काळे, थुंकले ते माझ्या पायरीवर. शी! म्हणाले, ऊस वाळला तर संस्था बुडाली समजा. नदीचं गेट दोन तासांत बंद करा, उरलेलं पाणी कालव्याला द्या. पाठोपाठ वरच्या साहेबांचा फोन, तोच सूर. मामा पोच आल्याशिवाय चाकाला हात लावेनात.
शेवटी शहाणपणा मीच केला. क्वार्टरच्या नळावर घागर भरली, धरणात ओतली आणि म्हणालो, "पोचलं." चाक फिरवून गेट बंद केलं. मामा चाकापासून लांब जाऊन उभे राहिले. भिवराबाई आली नव्हती. येणार कशी? पाणी डोहापर्यंत गेलंच नव्हतं.

४ मे
नळाच्या पाण्याला मेलेल्या माशांचा वास. टाकी उपसून घासून घेतली; टाकी लख्ख. वास तसाच. चहात माशाचा खवला निघाला. भडाभडा ओकलो.

७ मे
डोह पाहून आलो. पाणी नाही, हिरवा लगदा. मासे उताणे, पोटं फुगलेली, वर माश्यांचं मोहोळ. त्याच लगद्यात खड्डे उकरून बायका वाटीवाटीने पाणी भरत होत्या. भिवराबाईची नात जुलाबांनी अंबाजोगाईच्या दवाखान्यात आहे. भिवराबाई तिथेच पाणी भरत होती, पण माझ्यावर ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तुमी तर पोचलं म्हणलं व्हतं ना?"
मला त्या लगद्यापेक्षा माझी किळस आली.

१० मे
पाणी पितो, ते पोचत नाही. तांब्यामागून तांब्या. जीभ कोरडी ती कोरडीच, पोट मात्र डचमळतं. मामा काम सोडून गेले. जाताना विचारलं, कावून केलं, सायब? मी तांब्या पुन्हा नळाखाली धरला.

१२ मे, भर दुपार
गेट मीच उघडलं. पूर्ण. नुसता चिखल पचकन पडला. संस्थेच्या मोटारींनी उपसून उपसून पाणी गेटच्या पातळीखाली नेलंय. मोहनराव हसले — म्हणाले, आता सोडा की नदीला.
अंगाला वास येतोय. साबण संपला. दंडाची कातडी बुळबुळीत, हिरवट —

१३ मे
भिवराबाईची नात गेली.
पोटात वळवळ. ओकलो. मासा पडला मोरीत — जिवंत — शेपटी आपटत होता. मी पुन्हा —

१४ मे
अंथरूण भिजलं. तहान. आईचा फोन आला, उचलला — बोलायला गेलो तर तोंडातून गाळ —

१५ मे
आज नदीचा दिवस.
दारात भिवराबाई. घागर घेऊन. माझ्याकडे पाहून नाकाला पदर लावला, मागे वळून हाक दिली — या गं, डोहात पानी हाय —
तिने घागर माझ्या तोंडाखाली धरली, आतून पाणी वाहायला लागलं. एक भरली. दुसरी. दारात रांग — सगळी वस्ती —
पोच दिल्याशिवाय त्या थांबणार नाहीत. मला म्हणायचंय. तेवढा एकच शब्द. जीभ सापडत नाही — पो —