वज्रीने घासलेले पाय

पवित्र गुरुवार, संध्याकाळ

माझं चुकलं असं घरचे म्हणतायत. म्हणू देत!

बाप्तिस्मा आणि प्रभुभोजनासारखा पाय धुणं हाही आमच्या चर्चच्या मंडळीचा कायमचा विधी करायचा का, हे ठरवायला उपासनेनंतर सभा होती. त्याआधी, येशूने बारा शिष्यांचे धुतले तसे, पाळकांनी बारा पुरुषांचे पाय धुतले. त्यांत आमचे हेही. दुपारी अर्धा तास बाथरूममध्ये टाचांवर वज्री घासत बसले होते! परातीतलं पाणी शेवटपर्यंत नितळ.

सभेत मी उठले. म्हटलं, "पाळकसाहेब, विधी जरूर करा, पण घरून धुऊन आणलेले पाय कसले धुता?" कुणीतरी हसलं. सेक्रेटरी म्हणाले, "ताई, बसा." नाही बसले. बिट्टन मार्केटात भाजी विकणारी कमला दुकान आवरून तशीच आली होती, शेवटच्या बाकावर होती. परात तिच्यापुढे नेऊन ठेवली. ती पाय आखडून घेत होती, तरी धुतले. पाणी काळं झालं.

मग कमलाच खाली बसली. म्हणाली, "अब आपके दो, दीदी."

आणि मी पाय साडीत ओढून घेतले. का? कारण ह्यांच्यानंतर तीच वज्री मीही फिरवली होती. बारा जणांत माझं नाव नव्हतं, तरीही.

पण माघार नाही. पुढच्या वर्षी कमलाबरोबर मार्केटातून चालत येणार, आणि तिने मागितले की पाय पुढे करणार. वज्री आत्ताच कचऱ्यात टाकली. हे शोधत बसू देत.