अंग धरलं

१४ नोव्हेंबर

प्रिय काका,

नमस्कार. तुम्ही, काकू आणि आपल्या सलूनमधला तो गळका नळ, सगळे बरे ना? आम्ही ठीक. माझं मराठी इंग्लिश मिडियमचं, चुकांना खुशाल हसा. फोनवर हे बोलताच आलं नसतं.

बाबांचं बोलणं बरंच सुधारलंय. मेंदूत रक्तस्राव झालेल्या माणसाच्या मानाने टोमणे तर फर्स्ट क्लास मारतात.

मागच्या आठवड्यात मी फोनवर ओरडले होते, "बाबांनी अंग धरलं!" तुम्ही गिऱ्हाइकांनासुद्धा चहा पाजलात. उजव्या कोपराच्या वर टणक, गरम लागत होतं. मला वाटलं, दंड भरतोय. रोज दाबून बघायचे.

ते हाड आहे, काका.

मेंदूला इजा झाली की कधीकधी मांसातच हाड तयार व्हायला लागतं. का, ते डॉक्टरांनाही नीट माहीत नाही. मी सगळं वाचून काढलं. दुसऱ्या कुणाचं असतं तर म्हटलं असतं, कसलं भारी आहे हे! पण बाबांचं कोपर आता वाकत नाही. घास तोंडाशी जात नाही, आई भरवते.

आई म्हणाली, "अंग धरलं म्हणालीस ना? मान धरते तसं धरलंय बघ." आणि आत गेली.

मी रडायला लागले, तर बाबा म्हणतात, "तुझ्या जिभेला नाही ते हाड मला दिलंस होय?" हसले. मग बराच वेळ हाताकडे बघत बसले.

ऑपरेशन होईल, पण हाड पूर्ण तयार झाल्यावर. तोवर थांबायचं. ते पुन्हा वाढूही शकतं. मी विचारलं, "कात्री धरतील ना?" डॉक्टर म्हणाले, "आधी चमचा धरू दे."

म्हणून बाबांनी लिहायला सांगितलंय. मी दोन दिवस टाळलं. त्यांचेच शब्द लिहिते: "त्याला सांग, माझी खुर्ची झाकून ठेवू नकोस. चांगला कारागीर बघ आणि उभा कर."

तुम्ही या ना, काका. कात्री घेऊन या. बाबांचे केस मानेवर आलेत आणि ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

तुम्हाला उगाच आनंदात नाचवणारी,
तुमची घाईबाई