माझ्या जागी धाकटी

४ फेब्रुवारी
मी सिनेमात काम करणार! त्रेसष्टाव्या वर्षी! आणि दुसऱ्या मजल्यावरून उडी मारणार!

दुपारी माझी एक जुनी विद्यार्थिनी आली होती. वर्गात बाकाखाली कादंबऱ्या वाचायची, तीनदा बाहेर उभी केली होती. आता दिग्दर्शिका आहे. तिच्या सिनेमात एक शास्त्रज्ञ बाई स्वतःच्याच पेशींपासून हुबेहूब स्वतःसारखी दुसरी बाई तयार करते. ती दुसरी प्रयोगशाळेतून पळते — मग पाठलाग, मारामाऱ्या, आग!

मी म्हटलं, "अगं, अशी जन्मली तर तान्हं बाळ जन्मेल. एकदम त्रेसष्ट वर्षांची कशी?"

"बाई, सिनेमा आहे."

"जीवशास्त्रही आहे."

हसली. म्हणाली, संगणकावर एकीच्या दोघी करता येतात, पण खोट्या वाटतात. तिला खऱ्या दोघी हव्यात. म्हणजे मी आणि माझी जुळी बहीण.

५ फेब्रुवारी
धाकटीला विचारलं. ती माझ्याहून अकरा मिनिटांनी लहान. तेवढ्यावरून तिने मला ताई म्हणायचं, हा नियम सहाव्या वर्षी मीच केला.

"मूळची कोण आणि नक्कल कोण?"

हे काय विचारणं झालं!

"वाटलंच. जन्मभर तेच करतेय की मी." पण हो म्हणाली. डोळे चमकत होते तिचे.

११ फेब्रुवारी
गावाबाहेरच्या एका गोदामात प्रयोगशाळा उभारली आहे. माणूसभर उंचीच्या काचेच्या नळ्या, निळा उजेड, धूर. एका नळीत डोळे मिटून धाकटी उभी. मग तिला शिंक आली.

फाइट मास्टर आडदांड आहे, पण समजूतदार. "मावशी, अंगठा मुठीच्या बाहेर! मोडायचाय का?" ठोसा नाकापासून वीतभर लांब थांबवायचा. माझा थांबला नाही.

"किती वर्षांचं साठवलं होतंस गं?" — नाक चोळत धाकटी.

१४ फेब्रुवारी
संवादात नक्कल मूळच्या बाईला "आई" म्हणते. मी हरकत घेतली. पेशी त्याच, मग आई कशी? फार तर बहीण. दिग्दर्शिकेने मुकाट्याने खोडलं. आता "ताई".

धाकटी पुटपुटली, "इथेही सुटका नाही."

१७ फेब्रुवारी
आज सरावाची, पहिल्या मजल्यावरून उडी! खाली हवेची भलीमोठी गादी. कमरेला दोर. मास्टर म्हणाला, "खाली बघू नका." बघितलं. उडी मारली, मग काहीच नाही — मग धप्प! आणि मी हसायला लागले. थांबेचना. चाळीस वर्षं मुलांना "जिन्यावरून उड्या मारू नका" म्हणत आले. त्यांना काय कळलं होतं ते आज कळलं.

१९ फेब्रुवारी
अडचण. खऱ्या उडीआधी डॉक्टरी तपासणी सक्तीची. माझा रक्तदाब! आठ वर्षं गोळ्या चालू आहेत, आणि डॉक्टरचा पांढरा कोट दिसला की आणखी वीसने चढतो. नापास झाले, तर पांढऱ्या केसांचा टोप घालून कुणी पंचविशीची मुलगी माझी उडी मारणार. माझी!

धाकटी म्हणाली, "मी जाते तुझ्या नावाने. माझं प्रेशर कसं गरीब गायीसारखं. मला उडी नाही, त्यामुळे माझी तपासणीही नाही. कोण ओळखतंय?"

साफ नाही म्हटलं. मैत्रिणीच्या जागी परीक्षेला बसलेल्या दोन मुलींना मी स्वतः शाळेतून काढलं आहे.

"मग बस टोपवालीच्या नावाने टाळ्या वाजवत."

२० फेब्रुवारी
गेली. मी जाऊ दिली.

माझा चष्मा, माझं घड्याळ, कपाळाला माझी आठी. आल्यावर सांगत होती, "डॉक्टरला त्याच्या अक्षरावरून दोनदा झापलं. तूच आहेस याबद्दल त्याला शंकाच उरली नाही!" रक्तदाब एकशेवीस-ऐंशी! छातीला वायरी लावून आलेखही काढला. तो हृदयतज्ज्ञ बघणार, रिपोर्ट परवा.

लाज वाटते आहे. आनंद त्याहून जास्त.

२१ फेब्रुवारी
उद्या रिपोर्ट, परवा उडी! जेवण जात नाही.

२२ फेब्रुवारी
डॉक्टरचा फोन. रक्तदाब उत्तम. पण हृदयाच्या आलेखात मोठा दोष — तासाभरात भरती व्हा म्हणाला. "बाई, तुम्हाला काहीच कसं जाणवलं नाही?"

मी म्हटलं, डॉक्टर, ते हृदय माझं नाही. माझ्या बहिणीचं आहे. तिला घेऊन येते.