निळ्या झाकणाची बाटली

मंगळवार, संध्याकाळ. ओवे गाव.

तीन महिने मी खारघरच्या लॅबमध्ये लिथियमचे हलके अणू जड अणूंपासून वेगळे करतेय. आज यंत्राने सांगितलं की दोन्हींचं प्रमाण विकत आणलेल्या लिथियमइतकंच आहे. सर म्हणाले, "अभिनंदन, तुम्ही काहीच बिघडवलेलं नाही." यावर हसायचं होतं का?

घरी येऊन अप्पांना सांगत बसले. हलका अणू पाणी सोडून वरच्या तेलकट थरातल्या रेणूला किंचित जास्त बिलगतो. फरक अगदी केसाएवढा, म्हणून थर वेगळे करायचे आणि तेच पुन्हा पुन्हा करायचं. अप्पांची हयात मिठागरात गेली. ते म्हणाले, "म्हंजे आमचंच काम. एका वाफ्यातून दुसऱ्यात. आन् मागं उरलेलं पानी?"

मी म्हटलं, ते निळ्या झाकणाच्या बाटलीत ठेवते. पुढच्या फेरीला द्रावण कमी पडलं की त्यातलंच ओतते, वाया कशाला घालवायचं?

अप्पा म्हणाले, "आमी उरलेलं पानी असं परत वाफ्यात ओतलं असतं, तर मीठ नाय, खाडीच पिकवली असती."

निळं झाकण. तीन महिने! बाजूला काढलेले जड अणू मीच परत आत घालत होते. उद्या सरांना काय सांगू? एवढं शिकून ही सवय आली कुठून?

तेवढ्यात जेवायची हाक आली. स्वयंपाकघरात गेले, तर आई कालची उरलेली आमटी आजच्या पातेल्यात ओतत होती.