कडुनिंबाच्या धुरातली रान

मेहरूण, जळगाव
सोमवार, सकाळी

ती. लीलाधरराव यांस,

सुकदेवचा नमस्कार. तुम्ही वयाने मोठे साडू, म्हणून करतो आहे; मनापासून नव्हे. तब्येत ठणठणीत असेलच. दुसऱ्याच्या परसात पिंप पाठवून स्वतः धुळ्यात पंख्याखाली बसणाऱ्याला काय होणार आहे? कामिनीताईंना मात्र मनापासून नमस्कार. (तुमच्याबरोबर तीस वर्षं काढूनही त्यांचा स्वभाव गोड राहिला, याचं त्यांच्या धाकट्या बहिणीला, ज्योतीला, आणि मला नवल वाटतं.)

आता मुद्द्याचं. दोनशे लिटरच्या पिंपाला झाकण, जाळी आणि तापमानाचा काटा जोडून तुम्ही तुमच्या वर्कशॉपमधून ते पाठवलंत. सोबत तो व्हिडिओ. त्यातला परदेशी माणूस बैलाच्या छातीचा पाच किलोचा तुकडा धुरावर ठेवतो आणि खुशाल खुर्चीत झोपतो. आमच्या घरात ते चालणार नाही, म्हणून मी बोकडाची अख्खी मांडी आणली (खाटीक तिला रान म्हणतो). तुम्ही फोनवर दोन गोष्टी छातीठोकपणे सांगितल्या. एक, सहा तासांत कापसासारखी मऊ होते. दोन, लाकूड कुठलंही चालतं. या दोन्ही वाक्यांसाठी तुम्हाला कधीही क्षमा नाही.

कारण काल जेवायला कोण येणार होतं, हे तुम्हाला ठाऊक होतं. एरंडोलहून आमचे झुलालभाऊ! सख्खा थोरला भाऊ. माझ्या मुलीच्या लग्नपत्रिकेत त्यांचं नाव मामांच्या खाली छापलं गेलं, तेव्हापासून चार वर्षं त्यांनी माझ्या उंबऱ्याला पाय लावलेला नव्हता. (छापणाऱ्याची चूक होती. मी तपासलं नाही, ही माझी.) ज्योतीने सहा वेळा फोन केले तेव्हा कुठे ते कबूल झाले. साधा रस्सा केला असता तर तासात जेवण झालं असतं. पण नाही, मला त्यांच्यासाठी काहीतरी वेगळं करायचं होतं.

सकाळी सहाला पेटवलं. लाकूड म्हणून कोपऱ्यावर तोडून टाकलेल्या कडुनिंबाच्या फांद्या आणल्या. (कुठलंही चालतं!) असा पिवळट धूर निघाला की शेजारच्या सुमनबाईंनी भिंतीवरून विचारलं, "डासांसाठी का? जरा आमच्या बाजूलाही फिरवा." झुलालभाऊ बाराला आले. काटा अडुसष्ट अंशांवर, हवा होता शंभराच्या वर. एक वाजता अडुसष्टावर. अडीचलाही अडुसष्टावर! तुम्हाला फोन लावला, तर तुमचा बंद. भाऊंनी ज्योतीच्या हातचं पाणी घेतलं आणि परसात खुर्ची ओढून पिंपाकडे बघत बसले. मी दर दहा मिनिटांनी झाकण उघडून बघायचो. (झाकण उघडलं की आतली उष्णता जाते, हे तुमच्या व्हिडिओत अगदी शेवटी आहे.)

तीन वाजता ते बोलले. चार वर्षांतलं पहिलं वाक्य: "माले भूक लागनी शे."

"भाऊ, अजून तासभर."

"हाई पिंप कोन दिधं तुले?"

मी तुमचं नाव सांगितलं. आणि लीलाधरराव, त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू! माझ्या लग्नात तुम्ही लावलेला जनरेटर ऐन मंगलाष्टकात बंद पडला होता, इथपासून त्यांनी सुरुवात केली. मी त्यांना तुम्ही बसवलेल्या आमच्या फाटकाची गोष्ट सांगितली, जे फक्त बाहेरून उघडतं. ते हसले. मीही हसलो. ज्योतीने शेव-भाजी आणि भाकरी आणून दिली, ती आम्ही पिंपाशेजारीच एका ताटात खाल्ली. एका ताटात! तुमच्या एकेका कामाचा पाढा वाचता वाचता सहा वाजले.

मग रान काढली. बाहेरून काळी कुळकुळीत, आतून गुलाबी, आणि कडूपणा असा की जीभ आत ओढली गेली. भाऊंनी एक घास चावला, डोळे मिटले, म्हणाले, "बठ्ठं कडू शे." सगळं कडू म्हणाले, तरी दुसरा घास घेतला. का, ते मी विचारलं नाही. मीही आणखी एक घेतला.

दीड किलोंपैकी सव्वा किलो कुत्र्यालाही नको झालं. बकरा वाया, रविवार वाया, डोळे अजून चुरचुरतात. असा साडू शत्रूलाही मिळू नये.

नाइलाजाने आपला,
सुकदेव

ता. क. पिंप आठवड्यात उचला, नाहीतर भंगारवाल्याला बोलावतो.

ता. क. दुसरा. इतक्यात उचलू नका. झुलालभाऊ येत्या रविवारी पुन्हा येतो म्हणाले आहेत. या वेळी बाभळीचं लाकूड ते स्वतः आणणार आहेत.

ता. क. तिसरा. तुम्हीही याच. पत्रिकेचा विषय अजून कुणी काढलेला नाही, आणि मला त्याची भीती वाटते. तुम्ही समोर नसलात, तर आम्ही दोघं भाऊ दिवसभर बोलणार कशावर?