रिकामं भांडं परत देऊ नये

आई, तुला लिहितावाचता येत होतं, पण आलेलं पत्र तू कधी सरळ उघडलं नाहीस. आधी पालथं करून बघायचीस, चिकटवलेल्या कडेवरून नख फिरवायचीस, वाटेत कुणी फोडलं तर नाही ना म्हणून. पोस्टमनवर संशय, दूधवाल्यावर संशय, फार गोड बोलणाऱ्यावर तर दुप्पट. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तू पाणीसुद्धा फुंकून प्यायचीस, आणि मी तुला हसायचे. आता माझं वय तुझ्या तेव्हाच्या वयापुढे गेलंय आणि दाराला कुलूप लावलं की मीही ते दोनदा ओढून बघते.

तुझा संशय आला कुठून, हे मला ठाऊक होतं. वडूजला मोठ्या घरी लग्न निघालं की तुला आठ-आठ दिवस गहू निवडायला बोलवायचे. कच्च्या धान्याला तुझा हात चालायचा. त्याच गव्हाची कणीक मळायला घेतली की तू अंगणात. हे तू कधी रडून सांगितलं नाहीस, पण विसरलीही नाहीस. मग पाचगणीच्या त्या बोर्डिंगच्या शाळेत स्वयंपाकघरात लागलीस. शाळा बाहेरून आलेल्या लोकांची. त्यांनी तुला एवढंच विचारलं की शंभर चपात्यांना किती वेळ लागतो.

तो दिवस अजून समोर दिसतो: फेब्रुवारी महिना आहे. मी नर्सिंगच्या सुट्टीत तुझ्याकडे आलेय. मागच्या दारी एक शेतकरी पाटीभर स्ट्रॉबेरी ओतून जातो, बारकी आणि मऊ पडलेली, मुंबईच्या गाडीत न चालणारी. तू ती साखर घालून मोठ्या पातेल्यात रटरटवतेस. गार ताटलीवर एक थेंब टाकतेस, ताटली तिरकी करतेस, थेंब पळतो. "अजून न्हाई. घाई करू नगं," असं मलाच दटावतेस, जणू मीच पळाले. मग पोरांची रांग येते. पारशी, बोहरी, आफ्रिकेत दुकानं असलेल्या गुजरात्यांची, आसामकडची. सगळी तुझ्या हातचा जाम पावाला लावून बोटं चाटतात. मी म्हणते, "बघ आई, इथं कुणी विचारतं का?" तू पातेलं खरवडत म्हणतेस, "पोरं हायती ती. भूक लागली की खात्यात. त्येंच्या आया भेटाय येत्यात तवा बघ."

पुढे मला मिरजेत एका दवाखान्यात नोकरी लागली. वॉर्डात कर्नाटकातले, कोकणातले, गोव्याचे पेशंट शेजारीशेजारी झोपायचे आणि एकमेकांच्या सलाईनवर लक्ष ठेवायचे. गावात केबल आली होती, कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळे एसटीडी बूथ निघाले होते, आणि जो तो म्हणायचा, आता कुठं राहिलीय जातपात, कोण विचारतं? मी तुला फोनवर हे सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "इचारत न्हाईत. हुंगत्यात."

मी ज्यांच्याकडे खोली घेतली त्या मालकीणबाई चांगल्या होत्या. चांगल्या होत्या हे लिहितानाही हात अडखळतो, बघ. त्यांनी आडनाव विचारलं नाही. सगळी गल्ली मला सिस्टरच म्हणायची. आठवड्यातून एकदा तरी त्या वाटी धाडायच्या, कधी कढी, कधी अळूची भाजी. रिकामं भांडं परत देऊ नये, हे तूच शिकवलेलं, म्हणून मी वाटीत काहीबाही घालून द्यायचे. तू हे ऐकलंस आणि विचारलंस, "काय घालतीस?"

"साखर. कधी केळी."

"शिजवल्यालं कवा दिलंस?"

फोनच्या मीटरवरचे लाल आकडे पळत होते. तू म्हणालीस, "मग ती कशी हाय त्ये तुला अजून म्हाईतच न्हाई."

त्याच साली शाळेने स्वयंपाकघर ठेकेदाराला दिलं. त्याने त्याची माणसं आणली, आणि जामचे बंद डबे. तू एक डबा उघडून बघितलास आणि म्हणालीस, असला लाल रंग फळाला नसतो. महिन्याभरात तुम्हा चौघींना घरी बसायला सांगितलं. मी म्हटलं, वडूजला मावशीच्या घरी कशाला पडून राहतेस, मिरजेला माझ्याकडे ये. तू आलीस, पण स्टँडपर्यंतच. बाकावर बसून भाकरी खाल्लीस आणि पिशवीतून काचेची बरणी काढलीस. त्या पातेल्यातला शेवटचा जाम.

"तिच्या वाटीत घालून दे. माझ्या आईनं केलाय म्हणून सांग. तिनं खाल्ला तर यीन मी तुज्याकडं ऱ्हायला. न्हाई खाल्ला तर या वयात पुन्यांदा कुणाच्या अंगणात बसायची न्हाई मी." आणि तिनाच्या गाडीने परत गेलीस.

बरणी मी दिली नाही. त्या आठवड्यात वाटीत साखर घालून परत केली. जाम मीच खाल्ला, दुपारपाळी नसेल त्या दिवशी, दार लावून, दवाखान्याच्या कँटीनमधला पाव आणून. पंधरा दिवसांनी बूथवरून तुला सांगितलं की त्यांनी बरणी घेतली, गोड हसल्या, आणि फळीवर ठेवून दिली. अजून झाकण उघडलेलं नाही. तू लगेच म्हणालीस, "मला ठाऊकच हुतं." तुझ्या आवाजात दुःख नव्हतं गं. होतं ते समाधान, आपला अंदाज बरोबर निघाल्याचं. "तू जप. तिच्या हातचं खाऊ नगं," एवढं बोलून तू फोन ठेवलास.

आख्ख्या जगावर संशय घेणारी तू. माझा तुला कधी आला नाही.

त्यानंतर मी तुला बोलावत राहिले, फोनवर, पत्रातून, दर दिवाळीला. तू यायची नाहीस याची खात्री होती म्हणून बोलावणं सोपं जायचं. स्वतःला मी सांगायचे की मी तुला अपमानातून वाचवलं. बाईंनी खरंच बरणी तशीच ठेवली असती तर तुला ते सोसलं नसतं. हे कारण मला फार वर्षं पुरलं. तू वडूजला मावशीच्या ओसरीवर बसून राहिलीस, दुसऱ्यांचं धान्य निवडत, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात गेलीस.

तुझ्या जलदानाच्या दिवशी मालकीणबाई आल्या. मिरजेहून दोन गाड्या बदलून, उन्हाच्या. वस्ती बघितली, विहाराचा निळा झेंडा बघितला, भंतेजींची वंदना चालू होती तिथे बायकांत खाली सतरंजीवर बसल्या. आता त्यांना सगळं कळलं होतं, विचारायला काही उरलं नव्हतं. मी त्यांच्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघत होते. मावशीने चहा दिला. त्यांनी कप घेतला, प्यायल्या. अर्धा ठेवला. गोड जास्त झाला होता, की उकाडा होता, की तू म्हणत होतीस तेच खरं, हे मी आजही ठरवू शकलेली नाही. इतक्या लांब आलेल्या बाईच्या अर्ध्या कपाचा हिशेब मी अजून करत बसते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही.

मग त्या मावशीकडे वळून हळहळल्या. "यांच्या आईंना एकदा तरी भेटायचं होतं मला. एवढ्या मोठ्या इंग्रजी शाळेत शिकवायच्या म्हणे." मावशीने माझ्याकडे बघितलं. खोली घेताना, आई काय करते असं त्यांनी सहज विचारलं होतं आणि मी शिक्षिका म्हणून सांगून मोकळी झाले होते. जामची वाटी पुढे केली असती तर पहिला प्रश्न आला असता, शिकवणाऱ्या बाईंना इतका सराईत जाम करता येतो कसा? जात कळेल म्हणून मी घाबरले असते तर तू मला माफ केलं असतंस. मी तुझं पातेलं लपवलं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं, आणि कड तपासायला तू तरी कुठे आहेस, म्हणून एवढंही लिहून टाकते. बाईंनी त्या दिवशी मला हळूच विचारलं होतं, "कुठला विषय शिकवायच्या गं?" तुझा फोटो समोर होता, मावशी ऐकत होती, खरं बोलायला त्याहून चांगली वेळ पुन्हा यायची नव्हती.

मी म्हटलं, "मराठी."