ताठ माणसाची मिक्स्ड डबल्स

४ जानेवारी
क्लबची बॅडमिंटनची मिक्स्ड डबल्स अठ्ठावीसला. दरवर्षी ही आणि मी खेळतो आणि दरवर्षी हिच्या चुकांमुळे हरतो. यंदा हिची अट: रोज स्ट्रेचिंग करा, नाहीतर मी दुसरा पार्टनर बघते. बघ म्हणावं! माझ्यासारखा स्मॅश कोण मारणार?

६ जानेवारी
फिजिओबाईंकडे ओढून नेलं. गुडघे न वाकवता खाली वाका म्हणाल्या. माझी बोटं गुडघ्यांवरच थांबली. हिचे तळवे जमिनीला. बाई म्हणाल्या, पुरुषांचे स्नायू बहुधा बायकांपेक्षा जास्त कडक असतात, पण नेमाने ताणले तर दोघांचेही सैलावतात. अर्धं वाक्य पुरे होतं. कडक म्हणजे मजबूत. बाकी सगळं फी काढायचं बोलणं.

९ जानेवारी, सकाळ
तरी हिची कटकट नको. उद्यापासून रोज सहाला उठून स्ट्रेचिंग. काळ्या दगडावरची रेघ.

१० जानेवारी, साडेनऊ
आत्ताच उठलो. गारठ्यात स्नायू ताणू नयेत असं कुठेतरी वाचलंय. नसेल तर कुणीतरी लिहायला हवं.

१५ जानेवारी
ही हॉलमध्ये चटईवर पाय फाकवून पेपर वाचते. जोडीला पाहुणे आलेले सासरेबुवा! सत्तरी ओलांडली, आणि पायाचे अंगठे धरून मला ऑफिसची खबरबात विचारतात. रिकामटेकडेपणा, दुसरं काय! मी सोफ्यावरून लक्ष ठेवलं.

२१ जानेवारी
माझ्या पायात मोजे हिने चढवले. मला वेळ नव्हता.

२७ जानेवारी, दुपार
उद्या मॅच. हिने विचारलं, केलंत का काही? म्हटलं, भरपूर. आता दार लावून महिन्याभराचं एका बैठकीत उरकतो. बायकांना लागतो महिना.

२७ जानेवारी, जरा वेळाने
मांडीत मागे कटकन काहीतरी झालं. सैलावल्याचंच लक्षण.

२७ जानेवारी, संध्याकाळ
बाथरूमपर्यंत रांगत गेलो. ही दारात उभी राहून बघत होती.  मग हिने आपल्या वडिलांना फोन लावला.

२८ जानेवारी
ही सासऱ्यांबरोबर खेळली. जिंकली. अख्खा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. मी बसून. उठताच येईना. क्लबचे सेक्रेटरी मला म्हणाले, इतकी वर्षं काकांना लपवून कशाला ठेवलंत?

पार्किंगमध्ये सासऱ्यांनी वाकून माझा पाय दोन्ही हातांनी अलगद उचलून गाडीत ठेवला. जपा, जावईबापू, म्हणाले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. कप मला धरायला दिला. गाडी सुरू करताना ही म्हणाली, बाबा, पुढच्या वर्षीही आपणच हं.

मी मागून हो म्हणालो. मला कुणी विचारलं नव्हतं.